ओळखकाकू आणि सरांचं न थांबलेलं गणित

ओळखकाकू हे नाव ऐकून एखाद्याला वाटेल की या बाईंच्या ओळखी गावभर असणार. प्रत्यक्षात कुठल्याही समारंभात काकू खांबाआडची खुर्ची शोधून बसत आणि कुणी ओळखीचं दिसलं की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागत. नाव पडलं ते कामावरून. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्या प्रोसेसरमध्ये काही इवलेसे कप्पे असतात, त्यांना ओळख-रजिस्टरं म्हणतात. हा प्रोसेसर कुणी बनवला, कुठल्या वाणाचा, त्याला काय काय येतं, हे सगळं त्या कप्प्यांत लिहिलेलं असतं. काकूंची नोकरीतली बहुतेक वर्षं त्या कप्प्यांत गेली होती. वय एक्कावन्न, चष्मे दोन, एक नाकावर आणि एक केसांत. ऑफिसातली निम्मी मंडळी त्यांच्याहून लहान, त्यामुळे ‘मॅडम’ मागे पडून ‘काकू’ कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही.

कंपनीचा धंदा संगणक भाड्याने देण्याचा. म्हणजे खोकं उचलून घरी न्यायचं असं नाही. तळघरात थंडगार हॉल होता, त्यात कपाटांसारखी मोठी यंत्रं ओळीने उभी होती आणि एकेका यंत्रात वीस-पंचवीस आभासी संगणक नांदत होते. प्रत्येकाला वाटायचं की सगळं घर आपलंच. हे भाडेकरू आत आणायचे, त्यांना जागा वाटून द्यायची, गरज पडली तर चालू अवस्थेतच एका यंत्रातून उचलून दुसऱ्यात ठेवायचे, हे काम करणारा एक प्रोग्रॅम असतो. काकू त्याला मुकादम म्हणत. मुकादमाच्या खाली असतो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. खरी सत्ता त्याची.

आभासी संगणक जागा झाला की सगळ्यात आधी विचारतो, ‘मी कुठल्या प्रोसेसरवर आहे?’ याचं उत्तर आजवर गाभाच द्यायचा आणि खालच्या यंत्रावर जे असेल तेच सांगायचा. मुकादमाला त्यात तोंड घालायची मुभा नव्हती. जोवर हॉलमधली सगळी यंत्रं एकाच वाणाची होती तोवर कुणाचं काही अडलं नाही. भाडेकरू या कपाटातून त्या कपाटात गेला तरी त्याला पत्ता लागत नसे, कारण भिंती, दारं, खिडक्या सगळं सारखंच.

मग ती यंत्रं जुनी झाली. सुटे भाग मिळेनासे झाले आणि वरच्या मजल्यावर नव्या प्रोसेसरची यंत्रं येऊन उभी राहिली. काकूंचे साहेब त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होते. जिने चढताना दोन पायऱ्या एकदम चढायचे, म्हणून त्यांना घाईसाहेब म्हणत, अर्थात माघारी. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं की आपापला आभासी संगणक बंद करा, आम्ही तो वर नव्या यंत्रावर सुरू करून देतो, महिनाअखेर तळघर रिकामं. सगळ्यांनी होकार कळवला. एक गिऱ्हाईक तेवढं स्वतः येऊन स्वागतकक्षात बसलं.

ते होते निवृत्त भूमिती शिक्षक. ऐंशी ओलांडलेले, कोटाच्या खिशात पुठ्ठ्याचे तुकडे. घाईसाहेब आणि काकू त्यांना भेटायला खाली आले तेव्हा सरांनी ते तुकडे टेबलावर मांडले. प्रत्येक तुकडा पाच चौकोन जोडून केलेला, सगळे एकाच आकाराचे.

“या आकाराच्या लाद्यांनी एक जमीन भरायची,” सर म्हणाले. “फट नको, लादी लादीवर चढायला नको. किती प्रकारे भरता येईल, ते मोजतोय. सहा वर्षं झाली.”

“याचा उपयोग काय होतो?” घाईसाहेबांनी विचारलं.

“काही नाही,” सर मोठ्या समाधानाने म्हणाले.

“मग सर, एकदा बंद करून वर सुरू केलं तर?”

“तर ते पहिल्या लादीपासून सुरू होईल.”

काकूंना शंका आलीच होती. त्यांनी हळूच विचारलं, “प्रोग्रॅममध्ये कुठवर आलो याची खूण ठेवायची सोय नाही केलीत?”

“थांबायचंच नव्हतं, तर खूण कशाला? सुरू केलं तेव्हा सहा महिन्यांत संपेल असा अंदाज होता.”

“आणि?”

“अंदाज चुकला.”

“कितीने?”

“बाई, तेच तर मोजतोय.”

काकूंना हसू फुटलं, पण साहेबांना नाही. ते म्हणाले, “आपण त्यांचा संगणक आहे तसा गोठवून ठेवू आणि वर नेऊन जागा करू.” काकूंनी मान हलवली. गोठवला तरी जागा करायला जुन्याच वाणाचा प्रोसेसर लागणार. नव्या यंत्रावर आणला की गाभा कप्प्यांतली ओळख ताडून बघणार आणि हा तो नव्हे म्हणून दारातूनच परत पाठवणार.

सरांनी तुकडे गोळा केले. “मला पुन्हा सहा वर्षं मिळतील असं काही मला वाटत नाही,” ते म्हणाले. कोटाची बटणं लावता लावता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. पण ते काकूंच्या मनात रुतून बसलं.

“महिनाअखेरपर्यंत मला वेळ द्या,” सर गेल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या. “ओळख काय सांगायची ते मुकादमाला ठरवू दे, एवढीच सोय गाभ्यात करायची आहे. मग वरच्या यंत्रावरसुद्धा सरांच्या संगणकाला जुनंच नाव ऐकू येईल.”

“एवढीच?”

“एवढीच म्हणजे, बरीच.”

घरी काकूंचे यजमान स्वयंपाकघराच्या मोरीत ब्रश धूत उभे होते. ते नाटकाचे रंगभूषाकार. त्यांच्या ब्रशांमुळे घरातल्या निम्म्या पेल्यांत कधी ना कधी रंगाचं पाणी असायचं आणि काकू वास घेतल्याशिवाय घरात पाणी पीत नसत.

“आज काय केलंस?” त्यांनी विचारलं. हे ते रोज विचारत आणि उत्तर डोक्यावरून गेलं तरी शेवटपर्यंत ऐकत.

काकूंनी सांगितलं. ऐकून यजमान म्हणाले, “म्हणजे खोटं बोलायची सोय करतेस तर.”

“अहो, खोटं नाही. कमी. नव्या प्रोसेसरला दहा गोष्टी येतात, जुन्याला सात येत होत्या. सातच येतात म्हणून सांगितलं तर काही बिघडत नाही. पण सात येणाऱ्याला दहा येतात म्हणून सांगितलं, की भाडेकरू आठवी करायला जाणार आणि तोंडावर आपटणार. तेवढं मी होऊ देणार नाही. मुकादमाने जास्तीचा आव आणला की गाभा तिथल्या तिथे नाही म्हणणार.”

“मग आमच्यासारखंच झालं. तरुणाचा म्हातारा मी अर्ध्या तासात करतो. म्हाताऱ्याचा तरुण करा म्हणतात, तेव्हा मी सांगतो, दिवे कमी करा.”

“आमच्याकडे दिवे कमी करता येत नाहीत.”

“मग ते नवीन नाव-जुनं नाव काय म्हणालीस?”

“ते नुसतं नाव. त्यात काही येणं-न येणं नाही. ते तर सोपं आहे,” काकू म्हणाल्या आणि समोरचा पेला हुंगून पाणी प्यायल्या.

सोपं आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं. काम आठ-दहा दिवसांत उभं राहिलं. हा गाभा काही त्यांच्या कंपनीचा नव्हता. जगभरची माणसं मिळून तो लिहितात आणि त्यात एक ओळ घालायची तरी जाणत्यांची संमती लागते. काकूंच्या भागाचे तपासनीस कुठल्या तरी लांबच्या देशात राहत. काकूंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा तुटक लिहिण्याचा खाक्या चांगला ठाऊक होता. त्यांनी कळवलं, ‘येणं-न येणं नीट हाताळलंय. पण नाव बदललंत, तर पाहुण्याला आजाराचं कोण सांगणार?’

काकूंनी ते दोनदा वाचलं. पाहुणा म्हणजे आपला भाडेकरू, तेवढं कळलं. पण कसला आजार? तपासनीसांना असं कोड्यात बोलायची खोडच आहे असं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि चाचणीला लागल्या.

चाचणीसाठी त्यांनी गरीब गिऱ्हाईक निवडलं, म्हणजे ऑफिसचंच. इमारतीतली घड्याळं आणि जेवणाच्या सुटीची घंटा तळघरातल्या एका छोट्या आभासी संगणकावरून चालायची. काकूंनी विचार केला, याला उद्या वर न्यायचाच आहे, तर आजपासूनच नव्या प्रोसेसरचं नाव सांगून ठेवावं. म्हणजे उद्या वर गेल्यावर त्याला काही बदललं असं वाटणारच नाही. येणं सातच ठेवलं, नाव तेवढं नवं दिलं. संगणक बंद करून जुन्याच यंत्रावर नव्या नावाने सुरू केला. छान चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक नुकते स्थिरस्थावर झालेले असताना, जेवणाची घंटा झाली.

माणसाची घंटेवर किती श्रद्धा असते ते त्या दिवशी दिसलं. भिंतीवरचं घड्याळ एक म्हणत होतं, घंटा वाजली होती, मग मनगटावरचं घड्याळ कोण बघतो? तीन मजल्यांवरची माणसं जिन्याने खाली उतरली. खानावळीचे आचारी कांदा चिरत होते. दारातली रांग बघून त्यांनी सुरी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “आज सगळ्यांच्याच घरी नाश्त्याचा संप आहे का?”

लोक परत वर गेले. अर्ध्या तासाने पुन्हा घंटा झाली. या खेपेस थोडेच उतरले, पण हिशेब विभागातले सगळे उतरले. त्यांचं म्हणणं असं की पहिली चुकली होती म्हणून दुसरी बरोबर असणार.

काकू पडद्यासमोर बसून घामाघूम झाल्या होत्या. घड्याळ मधूनच पुढे उडी मारत होतं आणि पुन्हा मागे येत होतं. आणि मग त्यांना तपासनीसांचं वाक्य आठवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

तळघरातल्या त्या जुन्या प्रोसेसरांच्या घड्याळात जन्मजात दोष होता. आकडा पुढे सरकायच्या नेमक्या क्षणी वाचलं, तर क्वचित भलतंच काही दिसायचं. हा दोष जगजाहीर होता आणि त्यावरचा इलाजही साधा होता, घड्याळ दोनदा वाचायचं आणि दोन्ही आकडे जुळले तरच विश्वास ठेवायचा. प्रत्येक आभासी संगणक जागा होताना प्रोसेसरचं नाव विचारतो, ते याचसाठी. हे नाव ऐकलं की त्याला आजार कळतो आणि तो औषध सुरू करतो. काकूंनी त्याला दुसरंच नाव सांगितलं होतं. त्याने औषध घेतलंच नाही. नुसतं नाव, नुसतं नाव म्हणत होत्या, आणि त्या नावातच रोग्याची सगळी कुंडली होती.

घाईसाहेब एकेक पायरी चढत आले, तेव्हाच काकूंना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“काकू, आज माझे वरिष्ठ दोनदा जेवायला खाली उतरले,” ते म्हणाले. “पुरे झालं. सरांना कळवून टाका, बंद करावं लागेल.”

“माझी चूक झाली ती उलटी होती. जुन्या यंत्राला मी नवं नाव दिलं. सरांचा संगणक जुन्या यंत्रावर जुनंच नाव ऐकून जागा झालाय. त्याचं औषध सुरू आहे. वर गेल्यावरही तो घड्याळ दोनदा वाचत राहील. आजार नसताना घेतलेलं हे औषध बाधत नाही.”

साहेब खुर्चीवर बसले. घाईत असले तरी माणूस मुळात इंजिनियर होता. “बरं. पण वरच्या प्रोसेसरचे स्वतःचे आजार असतील की. वरच्याचं खरं नाव सरांच्या संगणकाला कळणारच नाही. मग त्यांचं औषध कोण घेणार?”

हे काकूंना स्वतःला सुचायला हवं होतं, आणि साहेबांना सुचलं याचा थोडा रागही आला. “ते बघते आणि सांगते,” त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस काकू नव्या प्रोसेसरच्या ज्ञात दोषांमागे लागल्या. एकेक दोष घ्यायचा, तो कशामुळे उफाळतो ते पाहायचं आणि सरांचा संगणक तसं काही करेल का ते तपासायचं. बरेचसे दोष त्या जास्तीच्या तीन गोष्टींमधलेच निघाले. काकू त्या लपवणारच होत्या. जी गोष्ट आपल्याला येते हे ठाऊकच नाही, ती करताना माणूस चुकणार कसा? उरलेल्या दोषांचा बंदोबस्त खालचा गाभा स्वतःच करत होता, भाडेकरूला त्रास न देता. एका दोषाने मात्र काकूंच्या नाकी नऊ आणले. त्याची एका यंत्रावर पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा कुठे तोही गाभ्याच्या आटोक्यातला आहे अशी खात्री पटली. हे सगळं, घंटेच्या फजितीसकट, त्यांनी तपासनीसांना लिहिलं. जुन्या-नव्या सगळ्या यंत्रांची नावं भाडेकरूला एकदमच सांगून ठेवायची, म्हणजे तो सगळ्यांचीच औषधं घेईल, अशी पुढची सोयही सुचवली. उत्तर आलं, ‘आता बरोबर. हिशेब विभागाला माझा नमस्कार.’ त्यांनी विनोद केल्याचं काकूंच्या आठवणीत हे पहिलंच.

तरी सरांपासून काही लपवायचं नाही असं काकूंनी ठरवलं. त्यांना बोलावून सगळं सांगितलं. “ज्ञात दोष मी पाहिले, सर. अजून कुणालाच सापडले नाहीत त्यांचं मी कसं सांगू? आकडा चुकलाच, तर आपल्याला कळणारही नाही.”

“कळेल,” सर म्हणाले. त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा उताणा केला. “हे बघा. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून जितके प्रकार निघतात, आरशात बघितल्यासारखे उजव्या कोपऱ्यातूनही तितकेच निघायला हवेत. त्याहून एक कमी नाही, जास्त नाही. माझा प्रोग्रॅम दोन्ही बाजू मोजतो. एका डाव्या भागाची मोजणी परवा पुरी होतेय. त्याच्या जोडीच्या उजव्याला लगेच हात लागेल.”

काकूंनी चष्मा केसांत सरकवला. तिथे आधीच एक होता. “म्हणजे डावा तळघरात आणि उजवा वर.”

“जुळले तर तुमचं काम चोख.”

“आणि नाही जुळले तर?”

“तर सहा वर्षं गेली असं समजेन,” सर म्हणाले. “चुकलेलं उत्तर मी कुणाचंच चालवून घेतलं नाही, तुमचंही घेणार नाही. पण भीतीपोटी सोडून दिलेलं गणित त्याहून वाईट. उचला.”

त्या दिवशी सर सकाळीच आले. वरचा हॉल थंड होता म्हणून काकूंनी आपला खुर्चीवरचा स्वेटर त्यांना दिला. फिकट गुलाबी, बाह्या आखूड, पण सरांनी काही न बोलता कोटावरून चढवला. डाव्या भागाचा आकडा पडद्यावर आला. सरांनी तो हातावर पेनने लिहून घेतला. उजवा भाग सुरू झाला आणि काकूंनी मुकादमाला हुकूम दिला.

संगणक चालू ठेवूनच त्याची सगळी स्मृती तळघरातून वर ओतली जात होती. शेवटच्या चिमूटभर भागासाठी तेवढं क्षणभर थांबावं लागतं. तळघरात डोळे मिटायचे आणि वर उघडायचे. पडद्यावरचे आकडे सरकत होते, सरकत होते आणि थांबले. घाईसाहेब मागे उभे होते. त्यांनी चक्क श्वास रोखलेला काकूंना ऐकू आला.

आकडे पुन्हा सरकायला लागले.

“अडखळला आत्ता,” सर म्हणाले.

“हो. तेवढंच.”

“त्याला कळलं का?”

“नाही. त्याने नाव विचारलं तर जुनंच ऐकू येईल.”

पण खरा निकाल पुढेच होता. डाव्याला जितका वेळ लागला तितका उजव्याला लागला तर संध्याकाळ होणार होती. तिघं जेवायला खाली गेले, या वेळी खऱ्या घंटेवर. आचाऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ बघून खात्री करून घेतली आणि मगच वाढलं. काकू दर दोन घासांनी जिन्याकडे बघत होत्या. सर मात्र व्यवस्थित जेवले आणि घाईसाहेबांना पाच चौकोनांचे एकूण किती आकार होतात ते मिठाच्या डबीने समजावून सांगितलं.

वर परत आले तर पडद्यावर उजव्याचा आकडा येऊन थांबलेला. काकूंना वाटलं, बिघडलं. इतक्या लवकर पुरं होणं शक्यच नव्हतं. सरांनी गुलाबी बाहीसकट कोटाची बाही वर सरकवली आणि हातावरचा आकडा पडद्याशेजारी धरला. एकेका अंकावर बोट ठेवत गेले. शेवटच्या अंकावर बोट टेकलं आणि तिथेच राहिलं.

“जुळलं,” ते म्हणाले.

घाईसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि उगाचच खिडकीशी जाऊन आले.

“पण एवढ्या लवकर कसं?” सरांनी विचारलं.

काकूंच्या आत्ता लक्षात आलं. “येणं लपवलं, सर. वेग कुठे लपवता येतो? नवीन प्रोसेसर मुळातच तिपटीने चपळ आहे.”

सरांनी पेन काढलं आणि हातावर, आधीच्या आकड्याखाली, काहीतरी भागाकार मांडला. मग तोच भागाकार पहिल्यापासून पुन्हा करून पाहिला. काकूंना काळजी वाटली. “काय झालं, सर?”

“आजवर माझा असा हिशेब होता की हे संपेल तेव्हा मी नसेन. निवांत होतो. उत्तर बघायची जबाबदारी माझ्यावर नव्हती.” त्यांनी हात पुढे केला. “आता हे साडेतीन वर्षांत संपतंय. म्हणजे मला राहावं लागणार.”

“राहा की,” घाईसाहेब म्हणाले. “तुमच्या भाड्यात सूट देतो.”

“तसं नाही. मी बरंच काही सोडून दिलं होतं. मागच्या दोन दाढा तशाच ठेवल्यात. डोळ्याचं ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. सकाळचं चालणं बंद केलं. म्हटलं, कुणासाठी?” त्यांचा स्वर तक्रारीचा होता, पण चेहरा वर्गात एखाद्या पोराने भलताच चांगला प्रश्न विचारल्यावर व्हावा तसा झाला होता. “बाई, तुमचा दातांचा डॉक्टर कसा आहे?”

“चांगला आहे. पण बडबड्या.”

“चालेल. दाढ काढताना मला कुठे बोलायचंय? नंबर द्या.”

काकूंनी नंबर सांगितला. सरांनी तो लिहायला हात बघितला, तर डाव्या हातावर जागाच उरली नव्हती. मग त्यांनी पेन डाव्या हातात धरलं आणि उजव्या तळव्यावर, वेड्यावाकड्या अक्षरांत, एकेक आकडा मोठ्याने म्हणत लिहून घेतला.